जांभूळखेडी रिठीचा बस्ता

तेंदूटोला, ११ सप्टेंबर २०२३

धर्मेंद्र यास,

वर 'प्रिय' लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. आठ दिवसांत नऊ फोन केले. व्हॉट्सॲपवरचा निरोप तू वाचतोस हेही कळतं आणि उत्तर द्यायचं टाळतोस हेही कळतं. तेव्हा पत्र. बत्तीस वर्षं शाळेत पोरांकडून पत्रलेखन घोटून घेतलं, ते शेवटी सख्ख्या भावाला रजिस्टर्ड पाठवण्याच्या कामी आलं.

काम एकच आहे. सोबत संमतिपत्र आहे. पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही करून परत पाठव.

कशासाठी ते सांगते, नाहीतर म्हणशील की बाईनं पुन्हा परस्पर ठरवलं. ग्रामपंचायत तलावाच्या पाळीखाली बगीचा करणार आहे. बाक, झोपाळे आणि एक सेल्फी पॉईंट. केशोरीलाही नाही असला, असं सरपंच सांगत फिरतात. दारात कमान आणि कमानीवर आपल्या पणजोबांचं नाव, 'कै. हिरालाल पुस्तोडे उद्यान'. जागा म्हणजे तुडुमाजवळची दीड एकर, जिथं रुख्माची झोपडी आहे आणि धान असतं. (तुडुम म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायची मोरी, हे मी तहसीलातल्या नव्या साहेबांना तीनदा समजावलं. तुला समजवायला नको.)

जागेबद्दल वाद असायचं कारण नाही. पणजोबांनी तलाव बांधला, तुडुम सांभाळायला एक मासेमार ढिवर कुटुंब ठेवलं आणि मेहेरबानी म्हणून तेवढी जमीन कसायला दिली, हे बाबा आपल्याला जेवताना सांगत आले. रुख्मा त्याच घरची सून, पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही. तिच्याकडं चिटोरंही नाही. विचारलं की "पयल्यापासून आहो" एवढंच म्हणते. तिला गावात घरकुल देणार आहेत, म्हणजे कुणी तिला रस्त्यावर काढत नाही. अतिक्रमणाच्या तक्रारीवर वारस म्हणून मी पहिली सही केली. दुसरी तुझी हवी.

आता तुला २०१६ आठवेल, मलाही आठवतं. तुडुम उघडायच्या दिवशी पहिला नारळ आपल्या घरचा, हा रिवाज. तू तो बाबांच्या हातातून काढून रुख्माच्या नवऱ्याच्या, नंदलालच्या हातात दिलास. "जो पाण्यात उतरते तो फोडंन," म्हणालास. बाबांनी गावासमोर तुझ्या कानाखाली वाजवली. तू रायपूरला गेलास. पुढं बाबा गेले तेव्हा तुला गावातल्या कुणीतरी कळवलं, तू तिसऱ्या दिवशी आलास, माझ्याशी एक शब्द न बोलता निघून गेलास. तो विषय मला इथं काढायचा नाही.

सुनावणी ११ डिसेंबरला आहे. तलाव हिरालालनीच बांधला याचा जुना कागद मिळाला तर केसही भक्कम होईल आणि कमानीलाही शोभा येईल, असं सरपंचांचं म्हणणं. तो कागद मी शोधून आणते. तुला फक्त सही करायची आहे, तेवढे कष्ट घे.

चंदा

तेंदूटोला, ३ ऑक्टोबर २०२३

धर्मेंद्र,

पोचपावती परत आली. तिच्यावर तुझी सही आहे, म्हणजे हात शाबूत आहे. संमतिपत्रावर मात्र तो चालत नाही.

तीन वेळा रेकॉर्ड रूमला जाऊन आले. आपला जिल्हा १९९९ ला वेगळा झाला, पण जुने कागद अजून जुन्याच जिल्ह्याच्या ठिकाणी. सकाळी सहाची एसटी, साकोलीला गाडी बदलायची, पोचेपर्यंत अकरा. तिथं लीलाधर नावाचे बाबू आहेत. माणूस सरळ आहे, पण इतका सरळ की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. गाव सांगा, साल सांगा, कागदाचा प्रकार सांगा. मी म्हटलं, पणजोबांनी तलाव बांधला त्याचा कागद. ते म्हणाले, असा प्रकार नाही.

शेवटी त्यांनीच फोड करून सांगितली. इंग्रजांच्या काळात जमिनी मोजून सारा ठरवायचा बंदोबस्त झाला, तेव्हा अधिकारी गावोगाव बसून लोकांना विचारत, इथला रिवाज काय, पाणी कुणाचं, वाट कुणाची. लोक सांगत ते लिहून घेत आणि खाली सह्या-निशाण्या घेत. गावागणिक ते कागद लाल कापडात बांधून ठेवलेले असतात, त्याला बस्ता म्हणतात. तेंदूटोल्याचा बस्ता त्यांनी माझ्यासमोर सोडला. धुळीनं मला अर्धा तास शिंका.

आता ऐक. तेंदूटोल्यात आंब्याची झाडं किती ते त्यात आहे. मेलेल्या बैलाचं कातडं कुणी न्यायचं ते आहे. स्मशानाची वाट कुणाच्या बांधावरून ते आहे. ऐंशी एकरांचा तलाव तेवढा नाही. मी दोनदा पाहिलं, लीलाधर बाबूंनी तिसऱ्यांदा पाहिलं आणि बस्ता बांधत म्हणाले, "मॅडम, ह्या गावात तलाव नवताच."

मी त्यांना सांगितलं की मी त्या तलावात पोहायला शिकले आहे. तर म्हणतात, "आप पोयल्या असान. रेकॉर्डमध्ये नाही." वरून पुन्हा जेवणाची सुट्टी झाली.

शेजारच्या टेबलावर दुर्गेश्वरी म्हणून एक मुलगी असते. गोंदियाची आहे, आपल्याकडच्या जुन्या तलावांवर पीएचडी करते आहे. तोंडाला रुमाल, हातात भिंग, आणि मोडी अशी वाचते जसं आपण वर्तमानपत्र वाचावं. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, कागद नाही असं इतक्यात म्हणू नका, तो कोणत्या नावाखाली बांधला आहे ते आपल्याला माहीत नसेल. मग विचारलं, तुडुमात रोज कोण उतरतं? मी म्हटलं, नंदलाल गेल्यापासून रुख्माच उतरते. तिनं विचारलं, तुम्ही त्यांच्याशी बोललात का?

केस जिच्याविरुद्ध आहे तिलाच जाऊन विचारायचं, असा गृहपाठ मला पोरीच्या वयाच्या मुलीनं दिला. मी डबा उचलला आणि स्टँडवर आले.

सही पाठव.

चंदा

तेंदूटोला, २६ ऑक्टोबर २०२३

धर्मेंद्र,

शेवटी गेले रुख्माकडं. दहा दिवस टाळलं, हेही लिहून टाकते.

तक्रारीवर माझी सही आहे हे तिला माहीत होतं. तरी तिनं पिढा दिला, पाणी दिलं आणि स्वतः उभी राहिली. बसायला सांगितलं तर बसली नाही. माझ्याच गावात मला कुणी असं उभं राहून पाहुणी केलं नव्हतं. मी विचारलं, तुमच्या घरात तलावाबद्दल जुनं काय सांगत. तिला आधी वाटलं मी फिरकी घेते आहे. मग म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमी इचारलंच नाही कधी. कायले सांगतलं असतं?"

मग तिनं सांगितलं. तुडुमाच्या वर पाळीवर जो शेंदूर लावलेला दगड आहे, ज्याला आपण तलावाचा देव म्हणून हात जोडतो, ते त्यांच्या घरचं ठिकाण आहे. कुण्या आजीच्या नावाचं. आणि ती जागा तेंदूटोल्याची नाहीच.

"हे जांभूळखेडी होय. माही सासू सांगे. रोगराईत गाव उठलं, लोक तुमच्या तेंदूटोल्यात आले. तलाव कोठी जाईल? तो इथंच रायला."

मी एकसष्ट वर्षांची. आपल्या पाच बांध्यांना आपण 'जांभूळखेडीच्या बांध्या' म्हणतो, आई म्हणायची, मी म्हणते, आणि हे नाव आलं कुठून हे मला एकदाही सुचलं नाही. अख्खा गाव त्या तलावाला तेंदूटोल्याचा तलाव म्हणतो. कमानीवर पणजोबांच्या नावाखालीही तेच रंगवलं आहे. उठून गेलेल्या गावाच्या तलावाला आपल्या गावाचं नाव देऊन आपण शंभर वर्षं भाषणं ठोकतो आहोत.

दुसऱ्याच दिवशी रेकॉर्ड रूम गाठली. लीलाधर बाबूंना म्हटलं, जांभूळखेडी. ते म्हणाले, "रिठी आहे का? मंग तसं सांगाचं नं." उठून गेलेल्या गावांचे बस्ते वेगळ्या मांडणीवर असतात म्हणे. तिथं राहणारं कुणी नाही, म्हणून मागायला कुणी येत नाही. मला त्यांच्या अंगावर पाण्याची बाटली ओतावीशी वाटली. पण ते स्वतः शिडी लावून चढले आणि वरच्या फळीवरून बस्ता काढून आणला, त्यामुळं राग फार वेळ धरता आला नाही. चार वाजले होते. अर्धं मोडी, अर्धं हिंदी वळणाचं अक्षर, माझ्याच्यानं वाचवेना. दुर्गेश्वरी दिवाळीनंतर येणार आहे, ती वाचून देईल.

एक गोष्ट मला चावते आहे. निघताना मी रुख्माला म्हटलं, हे आधी कुणाला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "धर्मेंद्रभाऊनं इचारलं होतं. सासूजवळ बसून सारं ऐकून घेतलं त्यानं."

म्हणजे तुला माहीत होतं. मग घरात बोलला का नाहीस? नारळ असा एकदम काढून घेण्याआधी माझ्यापाशी तरी बोलायचंस. तुझी ही सवय लहानपणापासूनची आहे. करून मोकळा होतोस आणि समजावून सांगायचं काम दुसऱ्यावर.

संमतिपत्रावर सही केली असलीस तर टपालात टाकू नकोस. का, ते आत्ता विचारू नकोस.

चंदा

तेंदूटोला, २० नोव्हेंबर २०२३

धर्मेंद्र,

संमतिपत्र फाडून टाक.

दुर्गेश्वरी वाचत होती, मी लिहून घेत होते. १८९७ सालचं आहे. तिनं सोपं करून सांगितलं ते तसंच देते (तेव्हा आडनावाऐवजी जात लिहीत, म्हणून पुस्तोडे नाही, कोहळी):

'जांभूळखेडीच्या तलावाची पाळ हिरालाल कोहळी याने गावाच्या मेहनतीने बांधली. दोन साल पाणी फोडून गेले. मोरीची जागा चुकली होती. सगुणी ढिवरीण, बेवा, हिने पाण्यात उतरून जागा दाखवली व आपल्या घरच्या माणसांकडून तुडुम बसवले. तेव्हापासून पाळ टिकली. सबब तुडुमाजवळची दीड एकर सगुणीच्या घराण्याकडे, तलाव आहे तोपर्यंत. पाणी सोडण्याच्या दिवशी पहिला नारळ तिच्या घरचा. हिरालालच्या वारसांनी हरकत करू नये.'

खाली निशाण्या. पणजोबांना लिहिता येत नव्हतं हे मला माहीत नव्हतं. त्यांनी नांगर काढला आहे, वेडावाकडा, फाळ उलट्या बाजूला. शेजारी सगुणीची बांगडी. मी त्या बांगडीवर बोट ठेवलं तर लीलाधर बाबू म्हणाले, हात नका लावू. बरोबरच होतं त्यांचं.

तर मेहेरबानी नव्हे, कामाचा हक्क. आणि नारळ आपला नव्हताच. तुझ्या कानाखाली बसली ती पणजोबांनी कबूल केलेली गोष्ट केल्याबद्दल. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

अजून संपलं नाही. नक्कल मागितली तेव्हा लीलाधर बाबूंनी बस्त्यातला शेवटचा कागद उलटला. आधी कुणी नक्कल नेली असेल तर तिथं नोंद असते. एकच नोंद होती. '१२ मार्च २००९. यादोराव पुस्तोडे.' खाली बाबांची सही, तीच वळणदार, शेवटी दोन टिंबं देऊन.

२००९. तुला मारण्याच्या सात वर्षं आधी. म्हणजे बाबाही माझ्यासारखेच पणजोबांचा मोठेपणा शोधायला तिथवर गेले, वाचून आले आणि गप्प बसले. पुढं दरवर्षी आपल्या हातानं पहिला नारळ फोडत राहिले. मी त्यांची सगळी पेटी उपसली, नक्कल कुठंही नाही. मला बाबांचा भयंकर राग आला आहे. ते नाहीत, म्हणून तुला लिहिते. तू तरी ऐकून घे.

सरपंचांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, कमान रंगवून झाली, आता इतिहास काढून काय करता. मी म्हटलं, कमान तुमच्या घराला लावा. तेव्हापासून गावात माझं डोकं फिरलं अशी बातमी आहे.

आता तुझं काम. तक्रार मी मागं घेणार, पण नोटीस दोन्ही वारसांना गेली आहे. दोघांचे जबाब झाले तरच ती निकाली निघेल, नाहीतर सरपंच तुझ्या नावावर पुढं रेटतील. रुख्माचं घर, तिची दीड एकर, सगळं तुझ्या एका सहीवर अडलं आहे. ये. माझ्यासाठी येऊ नकोस, माझ्याकडं उतरूही नकोस. ११ डिसेंबर, सकाळी अकरा, तहसील.

चंदा

तेंदूटोला, १३ डिसेंबर २०२३

प्रिय धर्मेंद्र,

आलास. केस पांढरे झालेत तुझे. कुणी सांगितलं नव्हतं मला.

तू माझ्या शेजारची खुर्ची सोडून रुख्माशेजारी बाकावर बसलास ते मी पाहिलं. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. जबाबाच्या वेळी मी कागद वाचून दाखवला, तक्रार मागं घेतली आणि सांगितलं की ही गोष्ट माझ्या वडिलांना २००९ पासून माहीत होती. लिहून घेणारे म्हणाले, एवढं नाही लागत मॅडम, कागद जोडला की झालं. मी म्हटलं, लागतं, लिहा. उद्या हाही बस्ता कुणीतरी सोडेल, तेव्हा त्याला अर्धीच गोष्ट मिळायला नको. साहेबांनी मान हलवली आणि ते वाक्य लिहिलं गेलं. सरपंच सगळा वेळ मोबाईल बघत होते.

तू बाहेर फोनवर गेला होतास तेव्हाचं सांगते. साहेबांनी तक्रार निकाली काढली, रुख्माच्या ताब्याला कुणी हात लावायचा नाही म्हणाले, आणि नाव चढवण्यासाठी हीच नक्कल जोडून तिनं अर्ज करावा असं सांगितलं. दुर्गेश्वरी अर्ज लिहून देणार आहे. मला वाटलं रुख्मा रडेल. ती म्हणाली, "ते बाईचं नाव आलं होतं नं, ते एकडाव अजून वाचा." साहेबांनीच वाचलं. सगुणी ढिवरीण, बेवा, हिने पाण्यात उतरून जागा दाखवली. रुख्मा म्हणाली, "आमी तिले नुसती आजी म्हणत होतो. नाव ठाऊक नवतं." मग पदर सावरून खाली बसली.

आता तहसीलच्या फाटकाजवळचं. तू चहा नको म्हणालास. बस लागली होती. जाता जाता विचारलंस, "बाई, बाबांनी जाताना मले बलावलं होतं का?"

मी म्हटलं, हो रे, बोलावलं होतं, मी फोन लावला पण लागला नाही. तू मान हलवलीस आणि बसमध्ये चढलास.

बाबा चार दिवस अंथरुणाला होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर होते. म्हणाले, "धर्मेंद्रले बलाव. त्याले एक कागद द्याचा आहे." मला वाटलं शेताचे कागद असतील. तू येशील, जुनं काढशील, दोघं भांडाल आणि ते निस्तरायला पुन्हा मीच. शेवटपर्यंत सेवा मी करायची आणि हाक तुला, याचाही राग होता, तो लपवत नाही. मी फोन घेऊन पडवीत गेले. पाच मिनिटं खाटेवर बसून राहिले. आत येऊन त्यांना सांगितलं, येतो म्हणाला. त्यानंतर दोन दिवस ते दाराकडं बघत होते. कुणाचंही पाऊल वाजलं की विचारत, आला का. मी म्हणत होते, निघाला आहे.

ते गेल्यावर रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण-पांघरूण गावाबाहेर नेऊन टाकलं. उशीच्या खोळीत काही होतं का, ते मी पाहिलं नाही. बस्त्यातली त्यांची सही पाहिली त्या दिवसापासून मला ती उशी दिसते आहे.

साहेबांसमोर खरं सांगेन म्हणून बोलले आणि वीस मिनिटांत फाटकाशी तुला खोटं सांगितलं. तुझ्या डोळ्यांत बघून धीर झाला नाही, म्हणून लेखी देते. बाबांनी तुला बोलावलं होतं. मी तुला फोन केलाच नव्हता.

चंदा यादोराव पुस्तोडे